गाडी दुरुस्त झाली, स्वार वाचला नाही: डॉर्सेट, मे १९३५

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात बोव्हिंग्टन ही लष्कराची रणगाड्यांची छावणी आहे. १३ मे १९३५ या दिवशी, सोमवारी सकाळी, छावणीच्या पोस्टातून एका मित्राला तार करून एक ४६ वर्षांचा माणूस मोटारसायकलवरून घरी निघाला. घर म्हणजे क्लाउड्स हिल नावाची छोटीशी कॉटेज, दीड-दोन किलोमीटरवर. फेब्रुवारीअखेरीसच तो हवाई दलातून बाहेर पडला होता. कागदोपत्री नाव टी. ई. शॉ, जगाला ठाऊक असलेलं नाव लॉरेन्स ऑफ अरेबिया, पहिल्या महायुद्धातल्या अरब बंडामुळे गाजलेला ब्रिटिश अधिकारी.

वाटेत रस्ता खाली उतरून पुन्हा वर चढत होता, आणि त्या खोलगट भागात पुढे काय आहे ते दिसत नसे. तिथेच दोन पोरं सायकलवरून त्याच दिशेने चालली होती. लॉरेन्सला ती दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. त्याने गाडी एकदम वळवली, एका सायकलला धक्का लागला, ताबा गेला आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सायकलवाल्या पोराला किरकोळ मार लागला. लॉरेन्सला लष्कराच्याच गाडीतून छावणीच्या इस्पितळात नेलं. सहा दिवस तो बेशुद्ध होता आणि १९ मे रोजी गेला. शवविच्छेदनात कवटीला लांब भेग आणि मेंदूला खोल इजा आढळली. शेवटच्या दिवसांत फुफ्फुसंही भरली होती.

गाडी ब्रफ सुपीरियर एसएस १००, नंबर जीडब्ल्यू २२७५. ९९८ सीसीचं इंजिन आणि ताशी १०० मैल वेगाची कंपनीची हमी. लॉरेन्सची ही सातवी ब्रफ, आठवीची ऑर्डर गेलेली. अपघातानंतर ती दुरुस्त झाली, पुन्हा रस्त्यावर आली आणि पुढे संग्रहालयांत मांडली गेली. ज्या आपटण्याने माणूस मेला त्यात यंत्राचं न भरून येणारं असं काही बिघडलं नाही. हे प्रकरण अभ्यासाला घ्यावंसं वाटलं ते एवढ्यासाठी.

दोन वेगळे प्रश्न

या अपघातावर आजवर जेवढं लिहिलं गेलं त्यातलं बहुतेक 'अपघात का झाला' याभोवती फिरतं. छावणीतल्या एका कॉर्पोरलने चौकशीत साक्ष दिली की समोरून एक काळी मोटार आली होती. पोरांनी सांगितलं की आम्ही मोटार पाहिलीच नाही. साक्षी जुळल्या नाहीत, कोरोनरलाही (अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) ते खटकलं, पण २१ मेच्या चौकशीचा निकाल अपघाती मृत्यू असाच लागला. मग काळ्या मोटारीवरून घातपाताच्या कहाण्या निघाल्या, आत्महत्येच्याही निघाल्या. माणूस मोठा असला की त्याचं मरण साधं असणं लोकांना पटत नाही.

आपल्याकडेही अपघात झाला की जमलेल्या गर्दीचा पहिला सवाल असतो, चूक कोणाची? पोलीस, विमा कंपनी, नातेवाईक, सगळ्यांना तेच हवं असतं, आणि ते रास्तही आहे. पण इजा किती गंभीर झाली याचं उत्तर त्यातून मिळत नाही. एकाच वळणावर, एकाच प्रकारे दोन गाड्या स्लिप होतात. एकजण कपडे झटकत उठतो, दुसऱ्याला अतिदक्षता विभागात हलवावं लागतं. विल्यम हॅडन या अमेरिकी डॉक्टरने १९६० च्या दशकाअखेरीस अपघाताचे तीन काळ पाडून दाखवले: घडण्याआधी, घडताना, घडल्यानंतर. काळी मोटार, पोरं, खोलगट रस्ता हे सगळं पहिल्या काळातलं. लॉरेन्स मेला तो दुसऱ्या काळातल्या काही मिलिसेकंदांमुळे, आणि थोडा तिसऱ्यामुळे.

गंभीर इजेच्या अभ्यासात नेहमी पुढे येणारी कारणं या प्रकरणाला लावून पाहिली तर ती एकेक गळत जातात. दारू? लॉरेन्स दारूपासून लांब राहणारा माणूस. नवशिका चालक? त्याने दहाबारा वर्षं ब्रफच चालवल्या होत्या. रात्र? सकाळचे साडेअकराही वाजले नव्हते. अनोळखी रस्ता? घरापाशीचा, रोजचा. मागे कुणी बसलेलं नाही, ट्रकची धडक नाही. उरतात वेग, पडण्याची तऱ्हा, डोकं, वय आणि त्या काळचं वैद्यक.

वेगाचं भांडण

कॉर्पोरलच्या मते वेग ताशी ५० ते ६० मैल होता, म्हणजे ८० ते ९७ किलोमीटर. दुसरीकडे, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सापडली आणि त्या गिअरला ती ३८ मैलांच्या, म्हणजे साधारण ६१ किलोमीटरच्या वर जात नाही, हा तपशील नंतरच्या लिखाणात वारंवार येतो. दोन्ही बाजू एकमेकींना खोटं ठरवायला बघतात. मला यात खोटं कुणीच दिसत नाही. उतार आला, काहीतरी आडवं दिसलं, चालकाने गिअर उतरवून ब्रेक मारला असेल तर आधीचा वेग कॉर्पोरल म्हणतो तसा आणि शेवटचा वेग गिअर म्हणतो तसा, दोन्ही खरं असू शकतं. इजेच्या हिशेबात धरायचा तो शेवटचा.

वेगाने दोन गोष्टी बदलतात. पहिली, थांबायला लागणारं अंतर. त्या काळचे ड्रम ब्रेक धरून मंदन, म्हणजे वेग उतरण्याचा दर, सेकंदागणिक सेकंदाला पाच मीटर मानलं आणि भानावर यायला एक सेकंद दिला, तर ६१ च्या वेगाला सुमारे ४६ मीटर लागतात आणि ९० च्या वेगाला ८८. खोलगट भागाने नजरेचा पल्ला तोडलेला असताना हा फरक जीवघेणा आहे. दुसरी, ऊर्जा. ती वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ६१ ऐवजी ९० असेल तर दुपटीहून जास्त.

पण लॉस एंजेलिसमध्ये हॅरी हर्ट आणि त्याच्या चमूने ९०० मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले, आणि १९८१ च्या त्यांच्या अहवालातला आकडा डोळे उघडणारा आहे. अपघातापूर्वीच्या वेगाचा मध्यक (निम्मे अपघात ज्याच्या खाली, निम्मे वर) ताशी २९.८ मैल आणि प्रत्यक्ष धडकेच्या वेळचा २१.५ मैल, म्हणजे जेमतेम ३५ किलोमीटर. शंभराच्या वर पळणारे वेडे बातमीत येतात. इस्पितळं भरतात ती पस्तीस-चाळीसच्या अपघातांनी. लॉरेन्सचा ६१ हा आकडा खरा असेल तर तो मुळीच अचाट नाही. आपल्या साध्या शंभर सीसीच्या गाडीलाही तो रोज गाठता येतो.

डोकं कसं आपटतं

आता पडण्याच्या त्या क्षणाकडे जरा निवांत पाहू.

गाडी अडखळते तेव्हा स्वाराचा देह त्याच वेगाने पुढे जात राहतो. मोटारीत हा देह पट्टा, सीट, एअरबॅग धरून ठेवतात. दुचाकीवर धरायला काहीच नसतं. टाकीवर मांड्या आणि ओटीपोट आपटतं, हँडल मांडीत रुततं, आणि माणूस उडतो. उडाल्यावर त्याच्या वेगाचे दोन भाग वेगवेगळे बघावे लागतात.

आडवा भाग म्हणजे रस्त्याला समांतर जाणारा वेग. मोकळ्या डांबरावर माणूस घसरत गेला तर हा वेग घर्षणाने हळूहळू मरतो. ६१ किलोमीटरला साधारण अठरा-वीस मीटर घसरणं आणि दोनेक सेकंद. कातडं सोलवटतं, कपडे फाटतात, एखादं हाड मोडतं, पण जीव सहसा राहतो. याच वाटेत झाड, विजेचा खांब, दुभाजकाची कड किंवा उभा ट्रक आला, तर तोच वेग काही सेंटिमीटरमध्ये संपतो. जगभरच्या अभ्यासांत न हलणाऱ्या वस्तूवर आपटणं हे गंभीर इजेचं ठळक कारण म्हणून पुन्हा पुन्हा येतं ते यामुळेच. शर्यतीच्या ट्रॅकवर दोनशेच्या वेगाने पडलेला चालक उठून हात हलवतो आणि गावातल्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने पडलेला उठत नाही, यात दैव वगैरे काही नाही. ट्रॅकच्या कडेला मोकळी जागा सोडलेली असते, अंगभर चामडं असतं. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला टपरी, मैलाचा दगड आणि चुन्याने रंगवलेली झाडं.

उभा भाग म्हणजे नुसतं खाली पडणं. गाडीवर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून कोणतीही वस्तू सोडली की जमिनीला लागताना तिचा वेग सेकंदाला ५.४ मीटर, म्हणजे ताशी वीसच्या आसपास असतो. गाडी साठने जात होती की दहाने, या आकड्याला त्याचं काही देणंघेणं नाही. उभी गाडी कलंडली तरी तो तेवढाच.

हे डोकं किती अंतरात थांबतं त्यावर सगळं आहे. उघडं डोकं कडक रस्त्यावर आलं तर टाळूचं कातडं आणि हाडाचं किंचित दबणं मिळून अर्धा सेंटिमीटर धरू. मग मंदन गुरुत्वाच्या सुमारे ३०० पट येतं. मध्ये तीन सेंटिमीटर दबणारा थर असेल तर तेच ५० पटीवर येतं. सहापट फरक. हेल्मेटच्या आतलं जे जाड थर्माकोल आपण 'नुसतं भरलेलं' समजतो, त्याचं काम हेच: दबणं, चिरडणं, थांबायला जागा देणं. बाहेरचं टणक कवच दिखाऊ नाही, ते टोकदार दगडाचा जोर पसरवतं. पण जीव वाचवतं ते आतलं थर्माकोल, आणि एकदा दबलं की ते पुन्हा फुगत नाही. पडलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं ते यासाठी. आत थर्माकोलच नाही, नुसता स्पंज आणि कापड आहे, अशा रस्त्याकडेला मिळणाऱ्या टोपीचा हिशेब वाचकाने स्वतःच करावा.

पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटसक्तीची कारवाई जोरात सुरू झाली तेव्हा विरोधातला एक हुकमी मुद्दा असा होता की शहरात गाडी वीस-पंचवीसच्या वर जातेच कुठे, हेल्मेट हायवेला ठीक आहे. कोंडीबद्दलची तक्रार शंभर टक्के खरी. पण वरचा हिशेब पाहिला तर हेल्मेटची परीक्षा होते ती मुख्यतः त्या दीड मीटरच्या पडण्यात, आणि ती पेठेतही तेवढीच असते. उलट दोनशेने झाडावर गेलेल्याला हेल्मेट तारेलच असं नाही. म्हणजे गाडी जिथे हळू चालते तिथेच ते जास्त उपयोगी पडतं.

लॉरेन्सचं डोकं नेमकं कशावर आपटलं याबद्दल मी तर्क करणार नाही. तो हँडलवरून पुढे गेला होता, म्हणजे डोकं आधी आणि पाय मागून असं येण्याची शक्यता दाट होती, आणि अशा वेळी आडव्या वेगाचा काही हिस्साही डोक्यावर येतो. बाकी शरीर कसं होतं यावर मग काही अवलंबून राहिलं नाही.

सहा दिवस

वयाचा भाग थोडक्यात. पन्नाशीकडे झुकलेलं शरीर तोच मार विशीतल्या शरीरापेक्षा वाईट सोसतं. हाड ठिसूळ, मेंदूची सूज आणि रक्तस्राव सावरायची ताकद कमी. लॉरेन्स काटक होता, पण ४६ चा होता.

इस्पितळ जवळ होतं आणि उचलून नेण्यात वेळ गेला नाही, हे त्याच्या बाजूने. आज ज्याला आपण पहिला सोन्याचा तास म्हणतो तो त्याला मिळाला होता. पण त्या तासात करता येण्यासारखं फारसं नव्हतं. डोक्याचा पहिला सीटी स्कॅन व्हायला अजून ३६ वर्षं होती. तो १९७१ मध्ये लंडनजवळच्या इस्पितळात झाला. कवटीच्या आत रक्त साकळलंय का, कुठे, किती, हे बघायची सोय नव्हती. बेशुद्ध माणसाचा श्वास यंत्रावर चालवणारे अतिदक्षता विभाग नव्हते. फुफ्फुसं भरली तर देण्याजोगं पेनिसिलिन नव्हतं. अर्थात मेंदूच फाटलेला असताना यातलं काही असतं तरी पूर्वीचा लॉरेन्स परत आला नसता.

त्याला तपासायला लंडनहून जे तज्ज्ञ आले त्यांत ह्यू केर्न्स होते. जन्म १८९६, ऑस्ट्रेलियाचे. बॉस्टनला हार्वी कुशिंग यांच्या हाताखाली मेंदूची शस्त्रक्रिया शिकून आलेले. त्यांच्या हाती करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

केर्न्स यांनी काय मोजलं

इथून पुढची गोष्ट हल्ली एका ओळीत सांगतात: लॉरेन्स मेला, डॉक्टर हळहळला, हेल्मेट जन्माला आलं. छान आहे, पण इतकी सरळ नाही. हेल्मेट त्याआधीच होतं. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवरचे डॉक्टर एरिक गार्डनर यांनी कॅनव्हास आणि लाखेचं शिरस्त्राण बनवून घेतलं होतं आणि १९१४ मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत ते सक्तीचं झालं होतं. म्हणजे लॉरेन्स पडला तेव्हा शर्यतवाल्यांकडे २१ वर्षांचा अनुभव होता. रस्त्यावरच्या माणसाला तो आपला वाटत नव्हता. आणि लॉरेन्सच्या मृत्यूनंतर केर्न्स यांचा पहिला शोधनिबंध यायला सहा वर्षं गेली. मधे दुसरं महायुद्ध आलं.

युद्धात मोटारसायकलवरून निरोप पोचवणारे लष्करी स्वार हजारोंनी रस्त्यावर आले. हवाई हल्ल्यांच्या भीतीने दिवे बंद, त्यामुळे रस्ते काळोखात. केर्न्स तेव्हा ऑक्सफर्डला होते आणि तिथल्या सेंट ह्यूज कॉलेजात डोक्याच्या जखमांचं लष्करी इस्पितळ चालवत होते. ऑक्टोबर १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी आकडे मांडले: युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे दगावले, त्याआधीच्या २१ महिन्यांत १,८८४. मृत्यूचं सर्वांत मोठं कारण डोक्याची इजा. आणि हेल्मेट घातलेले किती जखमी त्यांना पाहायला मिळाले? सात. सातही जगले.

आजचा कुठलाही समीक्षक या सातावर तुटून पडेल, आणि पडावं. जे जागेवर मेले ते इस्पितळात आलेच नाहीत, मग ते मोजणीत कसे येणार? हेल्मेट घालणारा माणूस मुळात जपून चालवणारा असेल तर? केर्न्स यांनाही आकडा तोकडा असल्याची जाणीव होती. त्यांनी काम पुढे चालू ठेवलं. नोव्हेंबर १९४१ मध्ये लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं, आणि १९४६ मध्ये केर्न्स यांनी त्या वर्षांतल्या मृत्यूंचा आलेख छापला. सक्तीनंतर तो उतरत गेला होता. त्यातही गोम आहे. १९४२ च्या मध्यात सामान्य नागरिकांचं पेट्रोल बंद झालं होतं, म्हणजे रस्त्यावर गाड्याच कमी. पण दिशा त्यांनी बरोबर पकडली होती. २००८ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या समीक्षेने ६१ अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष असा: हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो. 'हेल्मेटने मान मोडते' हा आपल्याकडचा लाडका समज. त्याला आधार देणारा पुरावा या समीक्षेला मिळाला नाही.

ऑक्सफर्डमध्येच हॉलबॉर्न नावाचा भौतिकशास्त्रज्ञ होता. त्याने १९४३ मध्ये जिलेटिनचे मेंदू बनवून दाखवून दिलं की मेंदूची मोठी नासधूस सरळ ठोशाने होत नाही तेवढी डोकं गरकन फिरण्याने होते. पाण्याने भरलेला तांब्या झटक्यात फिरवला तर तांब्या फिरतो, पाणी मागे राहतं. कवटी आणि मेंदूचं तसंच, फक्त मेंदू पाण्यासारखा मोकळा नसतो, म्हणून आतले धागे ताणले जातात, तुटतात. स्कॅनमध्ये फ्रॅक्चर नाही, रक्त नाही आणि माणूस मात्र शुद्धीवर येत नाही, असं डॉक्टर सांगतात तेव्हा बहुधा हे झालेलं असतं. ही गोष्ट हेल्मेटच्या चाचणीत यायला पाऊणशे वर्षांहून जास्त लागली. तिरक्या आपटण्यात डोकं किती फिरतं हे मोजणारी युरोपची २२.०६ ही नियमावली २०२० नंतरची.

ब्रिटनमध्ये सर्वसामान्य स्वारांना हेल्मेटची सक्ती १ जून १९७३ रोजी झाली. केर्न्स १९५२ मध्येच गेले होते.

आपल्या रस्त्यावर हे प्रकरण ठेवलं तर एक गोष्ट नव्याने जोडावी लागते: मागची सीट. लॉरेन्स एकटा होता, आपल्याकडे गाडी क्वचितच एकट्याची असते. केंद्राच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १,६८,४९१ रस्ते अपघाती मृत्यूंपैकी ७४,८९७ दुचाकीवरचे आहेत. हेल्मेट नसलेले मृत ५०,०२९, आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले. मागच्याच्या हातात हँडल नसतं, पुढचं दिसत नसतं, ब्रेक कधी लागणार हे कळत नसतं. एका बाजूला पाय टाकून बसलेली बाई, मांडीवर मूल, हातात पिशवी. स्पीडब्रेकरवर गाडी उडाली की तीच आधी जाते आणि बहुतेकदा डोक्याच्या मागच्या भागावर पडते. नवरा हेल्मेटमध्ये आणि बायको पदर डोक्यावर घेऊन, हे चित्र चौकाचौकांत दिसतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट चालकाइतकंच मागच्यालाही लागू आहे, आणि २०२१ च्या जूनपासून आयएस ४१५१ या भारतीय मानकाची खूण नसलेलं हेल्मेट विकता येत नाही. त्याच कलमात एक तपशील आहे जो सहसा कुणी वाचत नाही: पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असणं हा हेल्मेटच्या व्याख्येचाच भाग आहे. हँडलवरून उडताना सुटा पट्टा म्हणजे हेल्मेट आधी आणि डोकं नंतर जमिनीवर. दुकानात हेल्मेट घेताना पट्टा लावा, मान थोडी झुकवा, आणि दुसऱ्या कुणाला मागची खालची कड धरून ते वर-पुढे ओढायला सांगा. डोक्यावरून निघून आलं तर एक माप लहान मागा. दुकानदार म्हणेल, वापरून सैल होईल; होतंच, म्हणून नवं घट्टच घ्यायचं.